पिंपापासून पार्सलपर्यंत : कोकणातील औषध कारखान्याने आपली पुरवठा साखळी पर्यावरणपूरक कशी करावी

तळोजा, पाताळगंगा, रोहा-धाटाव, महाड आणि लोटे-परशुराम या औद्योगिक वसाहतींत बल्क ड्रग (औषधाचा मूळ क्रियाशील घटक), इंटरमीडिएट (तो बनवतानाचे मधले रसायन) आणि तयार औषधे बनवणारे अनेक कारखाने आहेत, आणि यांतील प्रत्येक वसाहतीच्या शेजारी एखादी नदी किंवा खाडी आहे. तळोज्याजवळ कासाडी, धाटावला कुंडलिका, महाडला सावित्री, तर लोट्याच्या खाली वाशिष्ठी आणि दाभोळची खाडी. त्यामुळे येथील पर्यावरणाची चर्चा नेहमी सांडपाण्यापासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. कारखान्यातही हे काम ईटीपी म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवून बाकीचे विभाग मोकळे होतात. वास्तविक ईटीपीत काय येणार, भंगारात काय जाणार आणि ट्रक किती डिझेल जाळणार, हे खरेदीच्या ऑर्डरवर सही होते त्याच दिवशी बरेचसे ठरून गेलेले असते. म्हणून हे मार्गदर्शन मुख्यतः खरेदी, स्टोअर आणि डिस्पॅच या तीन विभागांसाठी, आणि त्यांच्याशी जोडलेल्या वाहतूकदारांसाठी व स्टॉकिस्ट म्हणजे घाऊक वितरकांसाठी आहे.

आधी एकाच उत्पादनाचा जमाखर्च मांडावा

संपूर्ण कारखान्याचा कार्बन हिशेब एकदम करायला घेतला की तो सल्लागाराच्या फायलीत अडकतो. त्याऐवजी सर्वाधिक खपाचे एकच उत्पादन निवडावे आणि मागील बारा महिन्यांत त्यासाठी गेटमधून आत आलेला प्रत्येक पदार्थ किलोमध्ये मांडावा : कच्चा माल, सॉल्व्हंट (द्रावक), आम्ल, अल्कली, पाणी, वेष्टन. ही माहिती नव्याने गोळा करावी लागत नाही. वजनकाट्याच्या पावत्या, माल स्वीकृतीच्या नोंदी आणि बॅच रेकॉर्ड यांत ती असतेच. या एकूण वजनाला तयार मालाच्या वजनाने भागले की एक किलो औषधासाठी किती किलो वस्तू वापरल्या हा आकडा मिळतो. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी रूढ केलेल्या ई-फॅक्टर या मापानुसार औषध उद्योगात एक किलो उत्पादनामागे पंचवीस ते शंभर किलो किंवा त्याहूनही अधिक कचरा निर्माण होतो, तर मोठ्या प्रमाणावरील मूलभूत रसायनांत तो पाच किलोच्या आत राहतो. त्यामुळे आपला आकडा मोठा आला म्हणून दचकण्याचे कारण नाही. लहान आला, तर मात्र काहीतरी मोजायचे राहून गेले आहे असे समजावे.

यानंतर बाहेर गेलेल्या गोष्टी लिहाव्यात : तयार माल, धोकादायक कचऱ्याच्या मॅनिफेस्टवरील (कचऱ्यासोबत जाणाऱ्या नोंदपत्रावरील) वजने, सांडपाणी, भंगार. आत आलेले आणि बाहेर गेलेले यांत जी तूट दिसेल ती एक तर हवेत गेली आहे, पाण्यात गेली आहे, किंवा कोणाच्या तरी टँकरमधून नोंद न होता गेली आहे. हरित साखळीचे पुढचे सारे काम या तुटीचा माग काढण्याचे आहे. ऊर्जेसाठी दोनच ढोबळ आकडे लक्षात ठेवले तरी पुरते : एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो, आणि ग्रिडची एक युनिट वीज वापरली की सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो.

लहान कारखान्यांना हे सारे मोठ्यांचे चोचले वाटतात, परंतु परिस्थिती बदलली आहे. सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला असून त्यांची प्रश्नावली आता त्यांच्या पुरवठादारांपर्यंत पोहोचू लागली आहे. वरील जमाखर्च हाताशी असेल, तर त्या प्रश्नावलीतील बहुतेक रकाने खरे भरता येतात.

सॉल्व्हंट : येथे सर्वाधिक लक्ष द्यावे

बल्क ड्रगच्या बॅचमध्ये पाणी वगळता जे वजन रिॲक्टरमध्ये जाते, त्यातील ऐंशी ते नव्वद टक्के वाटा सॉल्व्हंटचा असू शकतो. टोल्यून, मिथेनॉल, ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट आणि डायक्लोरोमिथेन म्हणजे एमडीसी ही नेहमीची नावे. यांतील प्रत्येक लिटर कोठून तरी टँकरने आलेला असतो आणि शेवटी डिस्टिलेशनला (उकळून शुद्ध करण्याला), भट्टीला किंवा हवेत जातो. त्यामुळे वेष्टनाच्या कागदावर चर्चासत्रे घेण्यापूर्वी सॉल्व्हंटची पुनर्प्राप्ती, म्हणजे वापरलेल्यातून परत मिळणारा भाग, किती टक्के आहे हे पाहावे.

या टक्केवारीचे गणित फसवे असते. एका बॅचला २,००० लिटर टोल्यून लागते आणि पुनर्प्राप्ती ८५ टक्के आहे असे धरू. तर प्रत्येक बॅचला ३०० लिटर नवे टोल्यून घालावे लागते. हीच पुनर्प्राप्ती ९५ टक्क्यांवर नेली तर नवे टोल्यून केवळ १०० लिटर लागते. म्हणजे ऐकायला दहा टक्क्यांची असलेली सुधारणा प्रत्यक्षात नवी खरेदी, तिची वाहतूक आणि तिच्यापासून होणारा कचरा एक तृतीयांशावर आणते. व्यवस्थापनासमोर मागणी मांडताना टक्केवारी न सांगता हे लिटर सांगावेत.

पुनर्प्राप्ती वाढवण्यासाठी नवा डिस्टिलेशन कॉलम घेण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, मदर लिकर (स्फटिक गाळून घेतल्यावर उरलेली द्रावणे) वेगवेगळे ठेवले जातात की नाही. एका टाकीत मिथेनॉल आणि टोल्यून एकत्र झाले की ते साध्या डिस्टिलेशनने वेगळे होत नाहीत, कारण ते एकत्रच उकळणारे मिश्रण तयार करतात. मग चांगला माल केवळ टाकी कमी पडली म्हणून भट्टीत जातो. दोन जादा रिसीव्हरचा (साठवण टाक्यांचा) खर्च हा बहुधा सर्वांत लवकर वसूल होणारा खर्च असतो. दुसरी, व्हेंट कंडेन्सर, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून निघणारी वाफ थंड करून परत द्रव करणारे उपकरण. एमडीसीचा उत्कलनबिंदू जेमतेम ४० अंश सेल्सिअस आहे आणि कोकणातील मे महिन्याच्या दुपारी उन्हातल्या टाकीचा पत्रा त्याच्या पुढे सहज जातो, त्यामुळे साठवण टाकीच्या व्हेंटला थंड ब्राइनचा (मिठाच्या पाण्याचा) कंडेन्सर नसेल तर खरेदी केलेला माल रोज थोडाथोडा आकाशात जात असतो. टाकीवर सावली करणे आणि पांढरा परावर्तक रंग देणे एवढ्यानेही फरक पडतो. तिसरी गोष्ट पावसाळ्यातील दमट हवेची : पिंप उघडे राहिले की मिथेनॉल आणि ॲसिटोन हवेतील ओलावा शोषून घेतात, पाण्याचे प्रमाण वाढून लॉट नापास होतो आणि तो पुन्हा डिस्टिल करण्यात वाफ खर्ची पडते. नायट्रोजनचे आच्छादन आणि घट्ट झाकण ही येथे गुणवत्तेची बाब आहे तितकीच पर्यावरणाचीही आहे.

पुनर्प्राप्त सॉल्व्हंट वापरल्याने औषधाची गुणवत्ता घसरते ही भीती अनेक गुणवत्ता अधिकाऱ्यांना वाटते आणि ती पूर्णपणे निराधार नाही. उपाय असा की पुनर्प्राप्त माल शक्यतो त्याच उत्पादनाच्या त्याच टप्प्यात वापरावा, त्याचे स्वतंत्र विनिर्देश ठरवावेत आणि तयार मालातील अवशेष आंतरराष्ट्रीय मर्यादेत राहतात हे दाखवावे. आयसीएच या औषध-नियमांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही मर्यादा एमडीसीसाठी ६००, टोल्यूनसाठी ८९० आणि मिथेनॉलसाठी ३,००० पीपीएम (दहा लाखांत भाग) आहे. बेंझिन फक्त २ पीपीएमपर्यंत चालते, त्यामुळे स्वस्तातील टोल्यून घेताना त्यातील बेंझिन तपासल्याशिवाय घेऊ नये.

आपल्याकडे डिस्टिलेशन करणे शक्य नसेल आणि वापरलेले सॉल्व्हंट बाहेर द्यायचे असेल, तर घेणाऱ्याकडे धोकादायक कचरा नियम, २०१६ मधील नियम ९ नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आहे का, हे मूळ कागदावर पाहावे. झेरॉक्सवर आणि तोंडी आश्वासनावर विसंबू नये. वापरलेले सॉल्व्हंट, वापरलेला कार्बन, नापास माल आणि मुदत संपलेला माल हे सारे त्याच नियमांच्या परिशिष्ट १ मधील प्रवर्ग २८ मध्ये येतात आणि ते आवारात साधारणपणे ९० दिवसांहून अधिक ठेवता येत नाहीत. दर सर्वांत चांगला देणारा खरेदीदार मॅनिफेस्टविना माल उचलायला तयार असेल, तर तो दर कशामुळे परवडतो हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर बऱ्याचदा एखाद्या वहाळात सापडते.

निळी पिंपे

एक बाब लहान दिसते, परंतु कोकणात ती गंभीर आहे. एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावस्त्यांवर टँकर येऊ लागला की दारोदारी पाणी साठवायला निळी प्लास्टिकची पिंपे उभी राहतात. आठवडी बाजारात किंवा भंगारवाल्याकडे मिळणारी ही पिंपे कोठून येतात याचा विचार घेणारा करत नाही. कारखान्याने तो केला पाहिजे. पिंपाच्या तळाला, जेथे चाइम म्हणजे गोल कंगोरा असतो, तेथे पंपाचा पाइप पोहोचत नाही आणि उपडे केले तरी थोडा द्रव अडकून राहतो. साबणाने दोनदा विसळून आणि उन्हात ठेवून वास गेला म्हणजे रसायन गेले असे होत नाही. रसायनाने माखलेली रिकामी पिंपे, डबे आणि आतील पिशव्या वरच्याच २०१६च्या नियमांनुसार प्रवर्ग ३३.१ मधील धोकादायक कचरा ठरतात.

करावयाचे ते असे. जे रसायन महिन्याला दहा-वीस पिंपे लागते ते एक हजार लिटरच्या परतीच्या टाकीत म्हणजे आयबीसीमध्ये किंवा थेट टँकरने मागवावे. खरेदीच्या करारातच रिकामी टाकी पुरवठादाराने परत नेण्याची अट घालावी आणि प्रत्येक टाकीला क्रमांक द्यावा. जी पिंपे परत जाऊ शकत नाहीत ती प्राधिकृत निर्विषीकरण केंद्राकडे मॅनिफेस्टने पाठवावीत. भंगारात जाणाऱ्या पिंपाला आवारातच मोठी भोके पाडून किंवा ते कापूनच बाहेर सोडावे, म्हणजे ते पाण्यासाठी वापरता येणार नाही. भंगारवाला अखंड पिंपाला जास्त भाव देतो, हे खरे आहे. तो जादा भाव नाकारण्याचा निर्णय स्टोअरच्या माणसावर न टाकता व्यवस्थापनाने लेखी द्यावा.

पुरवठादाराची पारख

आपल्या देशात आयात होणाऱ्या बल्क ड्रग आणि इंटरमीडिएटपैकी सुमारे दोन तृतीयांश माल चीनमधून येतो, त्यामुळे साखळीचा मोठा भाग आपल्या नजरेच्या पलीकडे असतो. तेथे दूरवरून फार काही करता येत नाही. आंतरराष्ट्रीय औषध पुरवठा साखळी उपक्रम, म्हणजे पीएससीआय, याच्या पद्धतीने झालेले लेखापरीक्षण मागावे आणि पुढे जावे. याउलट जो पुरवठादार महाड किंवा धाटावला, दोन तासांच्या अंतरावर आहे, तेथे प्रत्यक्ष जावे आणि तेही पावसाळ्यात जावे.

भेटीत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची मुदत, धोकादायक कचऱ्याचे प्राधिकारपत्र आणि सामाईक प्रक्रिया केंद्राचे सभासदत्व ही कागदपत्रे पाहिली जातातच. परंतु मुख्य काम नंतरचे आहे. पुरवठादाराने वर्षभरात किती सॉल्व्हंट विकत घेतले आणि मॅनिफेस्टवर किती बाहेर पाठवले, हे दोन आकडे शेजारी ठेवायला सांगावे. पाण्याचे मीटर आणि सांडपाण्याचे मीटर यांचे आकडेही तसेच पाहावेत. मग पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या गटारापाशी जाऊन उभे राहावे : त्याचा रंग, वास आणि फेस पाहावा, पहिल्या पावसाचे पाणी अडवून ईटीपीकडे वळवण्यासाठी वेगळा खड्डा आहे का हे विचारावे आणि तो रिकामा आहे का हे डोळ्यांनी पाहावे. कोकणात एका मोसमात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि या धारांच्या आडून टाक्या रिकाम्या केल्या जातात ही खाडीकाठच्या मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. ज्याचे आवार जुलैमध्ये स्वच्छ, त्याचे वर्षभर स्वच्छ असण्याची शक्यता अधिक.

प्रतिजैविके किंवा त्यांचे इंटरमीडिएट घेणाऱ्यांनी आणखी एक पायरी चढावी. सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अवशेषांमुळे औषधांना न जुमानणारे जीवाणू वाढतात, हे आता सर्वमान्य आहे. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२०च्या मसुद्यात या अवशेषांवर मर्यादा सुचवल्या होत्या, परंतु २०२१च्या अंतिम अधिसूचनेत त्या राहिल्या नाहीत. कायद्यातील ही पोकळी खरेदीच्या कराराने भरता येते : एएमआर इंडस्ट्री अलायन्स या औषध उद्योगाच्या आघाडीने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रतिजैविक निर्मितीचे मानक आणि जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे यांचा आधार घेऊन अवशेषांची तपासणी ही पुरवठ्याची अट करावी.

बॉयलरच्या इंधनाबाबत सावध राहावे. फर्नेस ऑइल सोडून जैवइंधनाच्या ब्रिकेट वापरल्या की अहवालात उत्सर्जन झपाट्याने कमी दिसते. परंतु कोकणातील जमीन आणि झाडी बहुतांशी खासगी मालकीची असल्याने किंजळ, ऐन यांसारखी झाडे सरपणाच्या भावाने तोडली जातात, आणि तोच भुसा ब्रिकेटमध्ये आला तर आपण डोंगर जाळून कार्बन वाचवला असा त्याचा अर्थ होतो. त्यामुळे ब्रिकेट कशाची आहे, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. भाताचा तूस, उसाचे चिपाड किंवा काजूच्या टरफलांची पेंड चालेल. काजूची टरफले मात्र तेल काढून घेतल्यानंतरचीच घ्यावीत, कारण तेलासकट जाळली तर धूर झोंबरा येतो आणि चिमणीत काजळी बसते.

वनस्पतिजन्य कच्च्या मालाची गोष्ट वेगळी आहे आणि ती कोकणाच्या अधिक जवळची आहे. सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या झाडापासून कॅम्प्टोथेसिन मिळते आणि त्यापासून इरिनोटेकन व टोपोटेकन ही कर्करोगावरील औषधे बनतात. मागणी वाढली तशी ही झाडे मुळासकट उपटून चोरट्या मार्गाने नेली गेली. असा माल घेताना वनविभागाचा वाहतूक परवाना आणि मूळ ठिकाण यांची साखळी पूर्ण असल्याशिवाय घेऊ नये. चांगले उदाहरणही जवळच आहे : संगमेश्वर परिसरात बेहड्याच्या फळांची वेचणी फेअरवाइल्ड या रानातील शाश्वत वेचणीच्या मानकानुसार झालेली आहे. धनेश पक्षी जुन्या बेहड्याच्या ढोलीत घरटे करतो, त्यामुळे झाड लाकडासाठी विकण्यापेक्षा फळे वेचून मालकाला उत्पन्न मिळाले तर झाड आणि पक्षी दोन्ही राहतात. आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्यांनी हिरडा, बेहडा आणि कोकम यांच्या खरेदीत हीच रीत मागावी, आणि तिच्यासाठी थोडा जास्त भाव द्यावा.

गोदाम आणि पावसाळा

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले तेव्हा तळमजल्यावरील दुकाने आणि गोदामे बुडाली. पुरात भिजलेले औषध विकता येत नाही; ते बनवण्यासाठी लागलेले सॉल्व्हंट, वीज, पाणी आणि वाहतूक सर्व वाया जाते आणि वर ते नष्ट करण्याचा भार येतो. वाया गेलेली गोळी हा या साखळीतील सर्वांत मोठा कचरा आहे. म्हणून मे महिना संपण्यापूर्वी माल पूररेषेच्या वर हलवावा, तळमजल्यावर केवळ आठवड्याचा साठा ठेवावा, आणि डिझेल, आम्ल, सॉल्व्हंट यांची पिंपे पाण्यात तरंगून जाणार नाहीत अशी बांधून ठेवावीत.

लाकडी पॅलेटला पावसाळ्यात बुरशी धरते. निर्यातीसाठी आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकूड निर्जंतुक करावे लागते आणि त्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत : लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटे ठेवणे, किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी देणे. मिथाइल ब्रोमाइड ओझोनचा थर विरळ करणारा वायू आहे, म्हणून पॅलेटवर उष्णता प्रक्रियेचा 'एचटी' शिक्का असेल तोच घ्यावा. बुरशी टाळण्यासाठी ब्रोमीनयुक्त रसायन लावलेले लाकूडही नको. २०१० च्या सुमारास अमेरिकेत अशाच पॅलेटमुळे गोळ्यांना कुबट वास लागून औषधे मोठ्या प्रमाणावर बाजारातून मागे घ्यावी लागली होती. आवारातल्या आवारात फिरणाऱ्या मालासाठी प्लास्टिकचे टिकाऊ पॅलेट बरे.

वाहतूक

लोट्यापासून न्हावा शेवा बंदर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आहे. लिटरला चार किलोमीटर देणारा ट्रक एका फेरीत सुमारे ५६ लिटर डिझेल, म्हणजे दीडशे किलो कार्बन डायऑक्साइड खर्च करतो. त्यात नऊ टन माल असेल तर किलोमागे सतरा ग्रॅम, आणि घाईने तीनच टन पाठवला तर पन्नास ग्रॅम. रिकामा परतला तर दोन्ही आकडे जवळपास दुप्पट. तेव्हा विजेवरील ट्रकची वाट पाहण्यापूर्वी ट्रक भरून पाठवावा. एकाच वसाहतीतील दोन कारखान्यांनी आठवड्यातील ठरावीक दिवशी एकत्र कंटेनर भरणे सहज शक्य आहे, मात्र उग्र वासाचे रसायन आणि तयार औषध एका कंटेनरमध्ये ठेवू नये. परतीच्या फेरीत बंदरातून येणारा कच्चा माल आणावा.

कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाड आणि गोव्यातील वेर्णे यांच्या दरम्यान भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेते, आणि या मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. रोहा परिसरातून वेर्ण्याच्या औषध कारखान्यांकडे जाणाऱ्या मालाला हा पर्याय घाटातील डिझेल आणि चालकाचे श्रम दोन्ही वाचवतो. ज्वलनशील मालाला ही सोय मिळेलच असे धरून चालू नये. तयार औषधे, वेष्टन आणि बिनधोक कच्चा माल यांसाठी तिचा विचार करावा. गणेशोत्सवात महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते, हे दरवर्षी माहीत असूनही डिस्पॅचची धांदल आदल्या आठवड्यात उडते आणि ट्रक कोंडीत इंजिन चालू ठेवून उभे राहतात. त्या पंधरवड्याचा माल आधीच पुढे नेऊन ठेवावा.

विमानाने माल पाठवण्याचे उत्सर्जन जहाजाच्या तुलनेत टन-किलोमीटरमागे चाळीस-पन्नास पट असते. औषध खराब होईल म्हणून विमान लागले असे कारण दिले जाते, परंतु बहुतेक वेळा बॅच उशिरा निघालेली असते. प्रत्येक विमान पार्सलवर कारण लिहायला लावावे आणि ती यादी महिन्याच्या शेवटी उत्पादन विभागासमोर ठेवावी.

जिल्ह्यांतर्गत वाटपात तर कोकणाकडे जुना चांगला पर्याय आहेच. रत्नागिरी किंवा कुडाळच्या स्टॉकिस्टकडून गावोगावच्या दुकानांना एसटीने पार्सल जाते; गाडी तशीही जाणार असते. पन्नास किलो औषधांसाठी स्वतंत्र टेम्पो ठेवणाऱ्यांनी याचा हिशेब करून पाहावा.

थंड साखळी

इन्सुलिन आणि लसी दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागतात. परंतु केवळ '२५ अंशांखाली ठेवावे' असे लिहिलेला मालही अनेकदा तशाच थंड गाडीने जातो. लेबलवरील सूचना वाचून गाडी ठरवली तर पुष्कळ डिझेल वाचते. थंड खोलीत आणि गाडीत कोणता शीतक वायू आहे, हे देखभालीच्या करारात लिहून घ्यावे. आर-४०४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सुमारे ३,९०० पट तापमानवाढ करतो, प्रोपेन केवळ तीन पट. आर-४०४ए फक्त अडीच किलो गळला तरी ते साडेतीन हजार लिटर डिझेल जाळल्यासारखे आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत कंडेन्सरच्या नळ्या लवकर गंजतात, म्हणून गळतीची तपासणी देशावरील कारखान्यांपेक्षा येथे अधिक वेळा करावी.

पेटी भरताना बर्फाच्या पाकिटांबाबत घाई करू नये. डीप फ्रीझरमधून काढलेले पाकीट लगेच ठेवले तर शेजारचे इन्सुलिन गोठते, आणि गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निरुपयोगीच. पाकीट टेबलावर मांडून ठेवावे. त्याला बाहेरून घाम फुटला आणि कानाशी हलवल्यावर आत बर्फाचा खडा खळखळला म्हणजे ते पेटीत घालण्याजोगे झाले. हे काम शिकलेला एक माणूस महागड्या पेटीपेक्षा अधिक माल वाचवतो.

थर्माकोलच्या पेट्यांऐवजी पुन्हा वापरता येणाऱ्या जाड पेट्या आणि अनामत रक्कम ही पद्धत स्टॉकिस्टबरोबर सुरू करता येते. रिकामी पेटी परतीच्या एसटीने येते. सध्या औषधांच्या थर्माकोल पेट्या मासळीबाजारात पुन्हा वापरल्या जातात, हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे. तो पुनर्वापर वाटतो खरा, पण काही फेऱ्यांत पेटी फुटते आणि तिचे मणी भरतीच्या रेषेवर पसरतात.

वेष्टन आणि परत आलेला माल

वेष्टनात घाईने हात घालू नये. कोकणातील पावसाळी हवेत आर्द्रता सलग कित्येक दिवस नव्वद टक्क्यांच्या घरात असते, आणि ओलावा रोखणारे फोइल पातळ केल्याने गोळी मऊ पडली तर वाचवलेल्या प्लास्टिकच्या अनेक पट नुकसान होते. गोळीला स्पर्श करणारे वेष्टन बदलायचे असेल तर स्थैर्य चाचणी आणि नियामकाची परवानगी लागते. त्याआधी बाहेरच्या खोक्याचा रिकामा आकार कमी करणे, अनावश्यक श्रिंक (घट्ट बसवलेले प्लास्टिकचे आवरण) काढणे आणि मोठ्या खोक्यांत पुनर्वापर झालेला कागद वापरणे हे कोणाला न विचारता करता येते. ब्रँडधारकांनी प्लास्टिक कचऱ्याबाबतच्या विस्तारित उत्पादक जबाबदारीची (आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिकच्या विल्हेवाटीची जबाबदारी) नोंदणी केलेली असावी.

मुदत संपत आलेला माल दुकानात पडून राहू नये म्हणून जो आधी बाद होणार तो आधी विकण्याची पद्धत पाळावी. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे प्रमुख ब्रँडवर क्यूआर कोड बंधनकारक झाल्याने बॅचचा माग काढणे सोपे झाले आहे. त्याचा उपयोग साठा एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात हलवण्यासाठी करावा. बाद झालेली औषधे मोरीत ओतू नयेत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. कर्करोगावरील औषधे उत्पादकाकडे परत गेली पाहिजेत, जेणेकरून ती १,२०० अंशांहून अधिक तापमानाच्या भट्टीत जाळली जातील.

औषध बाहेर पडून काय करू शकते, याचे उदाहरण रायगडमध्येच आहे. म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वसाहत ग्रामस्थांच्या सहकार्याने जपली गेली. ही गिधाडे देशभर नष्ट होत गेली ती मुख्यतः गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, आणि भारताने २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आणली. त्यानंतरही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्याने २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. वितरकाने या औषधाची असाधारण मागणी दिसली तर ती नोंदवावी आणि पशुवैद्यकांना मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित वेदनाशामक उपलब्ध ठेवावे.

कामाचा क्रम वर्षाच्या चक्राशी जुळवावा. मार्चमध्ये एका उत्पादनाचा जमाखर्च, मे महिन्यात टाक्या, गटारे, पिंपे आणि गोदाम यांची तपासणी, ३० जूनपूर्वी धोकादायक कचऱ्याचे वार्षिक विवरणपत्र, जुलै-ऑगस्टमध्ये पुरवठादारांच्या भेटी, आणि ३० सप्टेंबरपूर्वी पर्यावरण विवरणपत्र. ही दोन्ही विवरणपत्रे प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावीच लागतात. त्यांतील आकडे मार्चमधील जमाखर्चाशी ताडून पाहावेत, आणि जेथे ते जुळत नाहीत तेथून पुढच्या वर्षाचे काम सुरू करावे.